मौन संपल्यावर काय करायचं? क्वेकर पद्धतीने बसणाऱ्या आमच्या छोट्या गटाचा प्रश्न

रानजाई (कोथरूड)

नमस्कार मंडळी, लिहिणं लांबणार आहे, पण तीन आठवडे उठता-बसता हेच डोक्यात आहे म्हणून लिहितेच.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं बर्मिंगहॅमला होतो. घराजवळ क्वेकर लोकांचं, म्हणजे मौनात बसून प्रार्थना करणाऱ्या एका ख्रिश्चन पंथाचं, मीटिंग हाऊस होतं, साधी विटांची इमारत, भाजी आणायला जाता-येता दिसायची. आई जाऊन दोन महिने झाले होते, कुणाशी बोलायचंही नव्हतं आणि घरात एकटीला बसवतही नव्हतं, अशा एका रविवारी मी आत गेले. आत ना क्रूस, ना मेणबत्त्या, ना पाद्री. गोलात मांडलेल्या खुर्च्या, मधल्या टेबलावर फुलं, आणि तासभर सगळे गप्प. कुणाला आतून अगदीच राहवलं नाही तर तो उठतो, दोन-चार वाक्यं बोलतो, बसतो, त्याला कुणी उत्तर देत नाही. तास संपला की दोघं जण हात मिळवतात, मग सगळेच शेजाऱ्याशी हात मिळवतात, झालं.

आणि त्यानंतर लगेच सूचना. फूड बँकेसाठी डाळ-तांदूळ-डबे गोळा करायचेत, निर्वासित बायकांच्या इंग्रजीच्या वर्गाला एक माणूस कमी पडतोय, शनिवारी दुपारी चौकात शांततेसाठी तासभर नुसतं उभं राहायचंय, खासदाराला पत्र लिहायचंय त्याचा मसुदा टेबलावर ठेवलाय. मग चहा. मला खरी ओढ लागली ती ह्याची, की आत्ता ज्या खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता होती त्याच खोलीत पाच मिनिटांत निर्वासितांच्या वर्गाचं वेळापत्रक ठरतंय आणि हे दोन वेगळे विषय आहेत असं तिथे कुणालाच वाटत नाही.

२०२२ ला पुण्यात परत आलो. आता दोन वर्षं झाली, आम्ही नऊ-दहा जण रविवारी सकाळी साडेआठला एका निवृत्त शिक्षिका बाईंच्या हॉलमध्ये बसतो. आमच्यातलं कुणीही रीतसर क्वेकर सभासद नाहीये, दोघं ख्रिश्चन आहेत, दोघांच्या घरात वारी आहे, एक जण विपश्यना करतात, माझ्या घरी गौरी-गणपती असतात. पद्धत तेवढी घेतली. तासभर मौन, मग पोहे आणि चहा.

आता भांडण. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, हिंजवडीला नोकरी करतो, तो एका रविवारी म्हणाला की आपण बसतो, छान वाटतं, पोहे खातो आणि घरी जातो, ह्यात दुसऱ्या कुणाचं काय भलं झालं? त्याचं म्हणणं आपण टेकडीच्या झाडांसाठी हातात पाट्या घेऊन मुकाट्याने उभं राहू या. बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, पाटी हातात आली की राजकारण आलं, लोक इथे शांतीसाठी येतात. बाई स्वतः म्हणतात की मोठ्या सरकारी हॉस्पिटलबाहेर गावाकडून आलेले पेशंटचे नातेवाईक दिवस-दिवस बसून असतात त्यांच्यासाठी काहीतरी करू. दोन रविवार यावरच वाद झाला, आवाज चढले, आणि दोघं जण यायचे थांबले. मला फार लागलंय ते.

भरीत भर म्हणजे आम्ही महिन्याच्या शेवटच्या रविवारी शेजाऱ्यांनाही बोलावून अंगतपंगत करावी असं ठरवत होतो तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं की हा कुठला पंथ आहे, धर्मांतर वगैरे नाही ना? चांगले आहेत ते, रागाने नाही विचारलं, पण मला धड उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचं असं की तिकडे हे लोक ठरवतात कसं? सगळ्या गटाने उतरायलाच हवं का? ज्याला पटत नाही त्याचं काय होतं? आणि दहा माणसांनी पुण्यात करण्यासारखं काय आहे? कुणाला अनुभव असेल तर मनापासून सांगा.

---

यॉर्कहून पुणेकर

रानजाई, मी अकरा वर्षं यॉर्कमध्ये आहे आणि त्यातली आठ मीटिंगला जातोय, त्यामुळे ठरवण्याच्या पद्धतीबद्दल नीट सांगू शकेन.

पहिलं म्हणजे तुम्ही जे ऐकलंत ना, त्या सूचना, ते शेवटचं टोक आहे. त्या पाच मिनिटांच्या मागे काही वेळा दोन-दोन वर्षं असतात, आणि नव्या माणसाला ती दिसत नाहीत. सुरुवात नेहमी एका माणसापासून होते. त्याच्या मनाला एखादी गोष्ट लागते, जात नाही, झोपू देत नाही. इंग्रजीत ते त्याला जो शब्द वापरतात त्याला मराठीत कळकळ म्हणतो आपण, अगदी तोच अर्थ. पण तुम्हाला कळकळ आहे म्हणजे लगेच सगळ्यांनी उठायचं असं नसतं. ती बैठकीसमोर मांडायची आणि बैठकीने पारखायची. हे खरंच आतून आलंय का, की राग आहे, की स्वतःला चांगलं वाटावं म्हणून आहे? हे आपल्याला झेपेल का? ज्यांच्यासाठी करतोय त्यांना विचारलंय का? कधी चार-पाच जण त्या माणसाबरोबर वेगळे बसतात, सल्ला देत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात, मध्ये गप्प राहतात, परत विचारतात. मी एकदा असा मधोमध बसलोय. दोन तासांत कळलं की मला जे करायचं होतं त्याला अजून वेळ आहे, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

मग कामकाजाची बैठक. तीही मौनानेच सुरू होते. एक क्लार्क असतो, अध्यक्ष नव्हे, त्याचं काम बैठकीचा कल ओळखायचा आणि तो तिथल्या तिथे लिहून काढायचा. मतदान नाही. कधीच नाही. सात विरुद्ध तीन असा हिशोबच नाही, कारण त्या तिघांना जे दिसतंय ते सातांना दिसत नसेल अशी शक्यता धरूनच बसायचं असतं. एक जण बोलला की थोडं थांबायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं, आपल्याला तर फारच, आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार ठेवतो. क्लार्क शेवटी चार ओळी लिहितो, वाचून दाखवतो, लोक शब्द सुधारतात, आणि सगळ्यांनी हो म्हटलं तरच ती नोंद पक्की होते. घरी गेल्यावर कुणी बदलत नाही. ज्याला अजून पूर्ण पटलेलं नाही पण आडवंही यायचं नाही तो तसं सांगून बाजूला होऊ शकतो. आणि एकमत नसेल तर नोंदीत तेच लिहायचं, आज एकमत नाही, आणि विषय पुढे ठेवायचा.

तुमच्या दोन रविवारी काय झालं असेल ते मला कळतंय, तुम्ही मौनाच्या बैठकीनंतर पोह्यांच्या डिश हातात घेऊन ठरवायला बसलात. त्या वेळी कुणी ठरवू नये. वेगळा दिवस ठेवा.

ह्या पद्धतीतून केवढी मोठी गोष्ट होऊ शकते याचं उदाहरण इथलंच आहे. २००९ साली ब्रिटनभरचे क्वेकर यॉर्कमध्ये जमले होते आणि समलिंगी जोडप्यांची लग्नं आपल्या मीटिंगमध्ये बाकीच्यांसारखीच व्हावीत असं त्यांनी ठरवलं, मत न टाकता. मी तेव्हा इथे नव्हतो, पण जे होते त्यांच्याकडून ऐकलंय की काही वयस्कर मंडळी आयुष्यभराचं मत सोडून त्या नोंदीला हो म्हणाली. इंग्लंडमध्ये कायद्याने अशी लग्नं व्हायला लागली ती २०१४ मध्ये.

अजून एक, साक्ष हा शब्द. आपल्याकडे साक्ष म्हटलं की कोर्ट आठवतं. हे लोक म्हणतात की तुमचं जगणं हीच तुमची साक्ष, म्हणजे मनाची ग्वाही बाहेर दिसायला हवी. साधेपणा, शांतता, सचोटी, समता, एकमेकांना धरून राहणं, ह्या त्यांच्या साक्षी. जुन्या काळी त्यांनी कोर्टात शपथ घ्यायला नकार दिला, का, तर शपथ घेऊन खरं बोलणार म्हणजे एरवी खोटं चालतं असा अर्थ होतो. त्यासाठी तुरुंगात गेले. शेवटी सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी नुसतं सांगण्याची मुभा दिली. आपल्याकडे शपथविधीला काही जण ईश्वरसाक्ष न म्हणता गांभीर्यपूर्वक दृढकथन करतात ना, त्या पर्यायाची मुळं तिथपर्यंत जातात. दुकानदार क्वेकरांनी एकच भाव ठेवला, घासाघीस बंद, कारण आधी जास्त सांगून मग उतरायचं म्हणजे पहिला आकडा खोटा. यात पाटी कुठेच नाही, तरी साक्ष आहे. तुमच्या बँकवाल्या काकांना हे सांगा, आवडेल त्यांना.

---

नदीकाठ

यॉर्कवाल्या दादांचं सगळं मान्य करून मला दुसरी बाजू मांडायचीच आहे, कारण त्या मुलाच्या बाजूने इथे कुणी बोललेलं नाही.

मी नदीच्या आणि टेकडीच्या कामात सहा-सात वर्षं आहे. एकमत होईपर्यंत थांबू म्हणणारे खूप भेटलेत आणि तोपर्यंत झाड गेलेलं असतं. क्वेकरांचाच इतिहास बघा. १६८८ साली पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउनच्या चार माणसांनी लिहून दिलं की माणसं विकत घेणं-विकणं चूक आहे, तुमच्याशी असं केलं तर चालेल का? तो कागद स्थानिक बैठकीने वर पाठवला, त्यांनी आणखी वर पाठवला, आणि सगळ्यात वरच्या बैठकीने बाजूला ठेवून दिला. कारण त्या बैठकीत बसणाऱ्या कित्येकांच्या घरी स्वतःचे गुलाम होते. फिलाडेल्फियाच्या बैठकीने गुलाम ठेवणाऱ्याला सभासद ठेवणार नाही असं पक्कं केलं ते १७७६ मध्ये. ८८ वर्षं! त्या ८८ वर्षांत जी माणसं गुलामीत जन्मली आणि गुलामीतच मेली त्यांना बैठकीचा कल काय होता याचं काय?

आणि मध्ये बेंजामिन ले नावाचा माणूस होता, बुटका, पाठीला कुबड, गुहेसारख्या घरात राहायचा, गुलामांच्या कष्टाची साखरही खायचा नाही. १७३८ साली तो बर्लिंग्टनच्या वार्षिक बैठकीला गेला, कोटाच्या आत पुस्तकासारखी पोकळ वस्तू आणि तिच्यात लाल रसाने भरलेली पिशवी लपवलेली, भर बैठकीत उभा राहिला, गुलाम ठेवणाऱ्यांना बोलला आणि त्या पिशवीत तलवार खुपसली, लाल रस शेजाऱ्यांच्या अंगावर उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं आणि सभासदत्वही काढून घेतलं. तो तरी जातच राहिला बैठकीला. २० वर्षांनी, १७५८ ला, गुलामांचा व्यापार करणाऱ्यांवर बैठकीने कारवाई करायचं ठरवलं ही बातमी आली तेव्हा तो आजारी होता, म्हणाला आता मी शांतपणे मरू शकतो, आणि पुढच्या वर्षी गेला.

तुमच्या गटातल्या पोराला गप्प बसवू नका एवढंच माझं म्हणणं. त्याला टोचतंय म्हणजे काहीतरी जिवंत आहे.

उभं राहायचं ठरलंच तर एक कामाची गोष्ट, पुण्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३) खाली जमावबंदीचे आदेश वारंवार निघतात, पाच किंवा जास्त माणसं जमायला परवानगी लागते अशा अर्थाचे, त्यामुळे आधी जवळच्या चौकीत लेखी अर्ज द्या, तारीख-वेळ-माणसं लिहा आणि पोच घ्या. मुकाट्याने उभं राहिलं तरी जमाव तो जमावच. २०१६ चे मराठा क्रांती मूकमोर्चे आठवा, लाखो माणसं आणि घोषणा नाहीत, पण त्यामागे परवानगी, स्वयंसेवक, मागून रस्ता झाडणारी पोरं, सगळं नियोजन होतं. गप्प राहायलाही तयारी लागते.

---

यॉर्कहून पुणेकर

नदीकाठ, ८८ वर्षांबद्दल मी काही बचाव करणार नाही, तो डाग आहे आणि इथले लोक तसंच म्हणतात.

फक्त एक जोडतो. ले जितका मोठ्याने बोलला तितकाच हळू बोलणारा जॉन वूलमन त्याच काळात होता. शिंपीकाम करायचा. तो गुलाम ठेवणाऱ्या क्वेकरांच्या घरी मुक्कामाला जायचा, त्यांच्याशी बसून बोलायचा, आणि निघताना त्या घरात ज्या गुलामांनी त्याची सेवा केली त्यांना मजुरीचे पैसे द्यायचा, मालकाच्या घरात राहून, मालकाला माहीत असताना. विचार करा त्या मालकाला रात्री झोप लागली असेल का. १७७२ ला तो इंग्लंडला आला, पायी फिरत यॉर्कपर्यंत पोचला आणि इथेच देवीच्या रोगाने गेला. मी दर वर्षी त्याच्या थडग्याकडे जातो. मला वाटतं १७५८ चा निर्णय एकट्या लेचाही नाही आणि एकट्या वूलमनचाही नाही, दोघंही त्याच लोकांच्या मानगुटीवर बसले होते, एक ओरडून आणि एक घरी जेवून. तुमच्या गटात ते दोघंही आहेत असं वाटतंय मला.

---

सेवाग्रामचा जुना विद्यार्थी

रानजाई बाई, सेक्रेटरींना काय सांगायचं या प्रश्नावर लिहितो, कारण माझं वय ७८ आणि या मंडळींचं काम मी तरुणपणी जवळून पाहिलं.

खरं आधी सांगू. क्वेकर भारतात आले ते मिशनरी म्हणूनच. १८६६ साली रेचेल मेटकाफ नावाच्या बाई आल्या, पुढे मध्य प्रदेशात होशंगाबादच्या बाजूला त्यांचं काम उभं राहिलं, शाळा, दवाखाने, दुष्काळातली अनाथ मुलं, आणि धर्मप्रसारही. ते लपवू नका. विचारणाऱ्याला अर्धवट सांगितलं की संशय दुप्पट होतो.

पण पुढचंही सांगा. त्याच होशंगाबादजवळ रसूलिया नावाच्या गावात त्यांचं फ्रेंड्स रूरल सेंटर होतं. १९७२ मध्ये ह्या केंद्राने आणि किशोर भारती संस्थेने मिळून १६ सरकारी शाळांमध्ये विज्ञान शिकवायची नवी रीत सुरू केली, पाठांतर नाही, मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, पानाचे, बियांचे, भिंगाचे. तेच होशंगाबाद विज्ञान, पुढे शेकडो शाळांत गेलं, एकलव्य संस्था त्यातूनच उभी राहिली, २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मी गेलो होतो तेव्हा मुलं शाळेबाहेर ओढ्याकाठी बसून किडे न्याहाळत होती आणि गुरुजी त्यांच्याबरोबर जमिनीवर बसले होते. त्यात येशूचं नाव कुठे होतं? गुरुजी मुलांशेजारी जमिनीवर बसतात आणि मला माहीत नाही, चल बघू, असं म्हणतात, ही त्यांची प्रार्थना होती असं मी समजतो.

मार्जरी साइक्स बाई क्वेकर होत्या. १९२८ ला मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, शांतिनिकेतनात राहिल्या, सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे बापूंच्या हाताने काम करत शिकण्याच्या पद्धतीच्या, शिक्षकांना तयार केलं. हॉरेस अलेक्झांडर बर्मिंगहॅमचे, तुमच्याच गावचे म्हणायला हवेत, तिथल्या वुडब्रुक ह्या क्वेकरांच्या अभ्यासकेंद्रात शिकवायचे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी बापू इंग्लंडला गेले तेव्हा वुडब्रुकलाही गेले होते. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश दिल्लीकडे बघत असताना बापू कलकत्त्यात बेलियाघाटच्या घरात दंगल शांत करत बसले होते तेव्हा हे अलेक्झांडर त्यांच्याजवळ होते. लॉरी बेकर, केरळात साध्या विटांची स्वस्त घरं बांधणारे, तेही क्वेकर. बापूंचं सोमवारचं मौन तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, मौनात बसून काम करणारी माणसं एकमेकांना ओळखतात.

आता तुमच्या सेक्रेटरींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. १८४६ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि माणसं भुकेने मरायला लागली. क्वेकरांनी समिती नेमली आणि सुपाची स्वयंपाकघरं काढली. त्या वेळी काही दुसरे लोकही सूप देत होते पण धर्म बदललास तर, अशा अटीवर, आणि तो कडवटपणा आयर्लंडमध्ये अजून आहे. क्वेकरांनी कुणालाही धर्म विचारला नाही. आजही तिथे ह्या लोकांचं नाव आदराने घेतात ते त्या भांड्यांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीतली मुलं उपाशी होती, कालच्या शत्रूची मुलं, तर ब्रिटन-अमेरिकेच्या क्वेकरांनी त्यांना जेवू घातलं, ऐन भरात दिवसाला सुमारे दहा लाख मुलं. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या त्यांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं ते ह्या अशा कामासाठी.

तर सेक्रेटरींना म्हणा, आम्ही कुणाला काही व्हायला सांगत नाही, जेवायला या, आणि तुमच्या घरचंही काहीतरी घेऊन या. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. नुसतं खायला बोलावलं की देणारा मोठा होतो. अंगतपंगतीत तसं होत नाही, आपापला डबा आणून एका पंगतीत बसायचं.

---

भवानी पेठ

मला त्या क्वेकर वगैरेचं काही माहीत नव्हतं, आत्ताच वाचलं, पण हॉस्पिटलच्या कामाचं सांगू शकते कारण आमच्या मंडळाच्या बायका पाच वर्षं करतोय. सुरुवात आमची पालखीपासून झाली, माऊलींची पालखी आमच्या पेठेत मुक्कामाला असते, तुकोबांची नाना पेठेत, तेव्हा वारकऱ्यांना चहा-पाणी, पायाला तेल, तुटलेल्या चपला शिवायला चांभारदादाला बसवायचं, हे लहानपणापासून बघतोय. तर वाटलं की पालखीचे दोन दिवस झाले, बाकीचे दिवस रस्त्यावर बसलेल्या माणसाला कोण विचारतं?

ताई, पहिल्या महिन्यात आम्ही चूक केली. डोक्यात जेवणच होतं. शंभर पाकिटं पुलाव केला, नेला, वाटला, फोटोही काढले. अर्धी पाकिटं कचऱ्यात दिसली, कारण तासापूर्वीच दुसरं कुणी वाटून गेलं होतं. आणि एक बीडची बाई माझा हात धरून म्हणाली, ताई जेवन नको, ह्यो कागद वाचून दावा, सकाळधरनं तिघांनी तीन खिडक्यांवर धाडलं. तो कागद म्हणजे सीटी स्कॅनची चिठ्ठी होती. तेव्हापासून आम्ही जेवण बंद केलं. दोघी-दोघी जातो, आठवड्यातून दोन सकाळी, कागद वाचून सांगतो, कुठली खिडकी ते दाखवतो, रेशनकार्ड-आधार घरी राहिलं असेल तर गावाकडे फोन लावून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवतो, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र असतो त्याच्यापर्यंत नेऊन बसवतो. लोकांना योजना माहीत असते, पण तो माणूस कुठे बसतो ते माहीत नसतं. आणि कित्येकदा काहीच करायचं नसतं, आत ऑपरेशन चालू असतं आणि बाहेर एकटी बाई बसलेली असते, तिच्याशेजारी बसायचं. तुम्हाला तर गप्प बसायची सवय आहे, आमच्या बायकांना ते शिकायला वर्ष लागलं.

आधी समाजसेवा अधीक्षकांना भेटा, सरकारी हॉस्पिटलात ते पद असतं, त्यांना सांगा आम्ही इतके जण, ह्या दिवशी, इतका वेळ. वॉर्डात घुसू नका. औषधाचा सल्ला अजिबात देऊ नका. पैसे हातात देऊ नका. फोटो काढू नका. आणि महिन्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच जा पण ठरलेल्या दिवशी जाच, कारण तिथला वॉचमन आणि सिस्टर तुम्हाला ओळखायला लागले की अर्धं काम होतं.

---

चष्मा_हिंजवडी

मी तो मुलगा. रानजाई काकूंनीच लिंक पाठवली आणि म्हणाल्या वाच आणि वाटलं तर लिही.

मला बेंजामिन लेचं वाचून बरं वाटलं आणि मग वूलमनचं वाचून गप्प झालो. मी त्या दिवशी काकांना म्हणालो होतो की तुम्हाला नुसतं बसायचंच आहे, ते बोलायला नको होतं. काकांची बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि ते एकटे सगळं करायचे हे मला नंतर कळलं. रविवारचा तो एक तास त्यांच्यासाठी काय आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पण टेकडीचं मला सोडता येत नाहीये. आजोबा मला पाच वर्षांचा असल्यापासून टेकडीवर न्यायचे, कुठलं झाड कधी फुलतं ते सांगायचे, आता ते नाहीत आणि मी तिथे गेलो की मला ते भेटतात. ती कापली जाईल असं वाटलं की माझ्या पोटात कालवतं. ही कळकळ आहे की राग आहे ते मला खरंच सांगता येत नाही. त्या प्रश्न विचारणाऱ्या चार जणांच्या बैठकीबद्दल यॉर्कवाल्या दादांनी लिहिलंय, तसं माझ्याबरोबर कुणी बसेल का?

---

रानजाई (कोथरूड)

सगळ्यांना काय म्हणू, सेवाग्रामच्या आजोबांना नमस्कार. सगळं प्रिंट काढून बाईंना वाचायला दिलं, त्यांना मोबाईलवर वाचवत नाही.

काल, शनिवारी संध्याकाळी, पोह्यांशिवाय बसलो. सहा जण होतो. मी क्लार्कचं काम केलं, पहिल्यांदाच, वही मांडीवर घेऊन. एक बोलला की थांबायचं हे खरंच फार जड गेलं, पहिला अर्धा तास नुसता तोंडावर आलेला शब्द गिळण्यात गेला. मग बाई बोलल्या, की त्यांचे यजमान आजारी होते तेव्हा त्या स्वतः हॉस्पिटलच्या बाकावर १९ रात्री होत्या आणि एका अनोळखी माणसाने त्यांना एकदा पाण्याची बाटली आणून दिली, बोलला काही नाही, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. दोन वर्षं आम्ही त्यांच्या घरात बसतोय आणि आम्हाला हे माहीत नव्हतं. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बँकवाले काका म्हणाले, फॉर्म भरायचे असतील तर मी येतो, ३४ वर्षं लोकांचे फॉर्मच भरून दिलेत.

नोंद लिहिली ती अशी. दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या बुधवारी सकाळी दोघं-दोघं जण हॉस्पिटलला जातील, आधी समाजसेवा अधीक्षकांना भेटून, सहा महिने, मग परत बसून बघायचं. गटाचं नाव कुठेही लावायचं नाही. अंगतपंगत शेवटच्या रविवारी, सेक्रेटरी आणि त्यांच्या मिसेसना बोलवायचं, त्यांना मी सगळं सांगितलं, १८६६ पासून आयर्लंडपर्यंत, ते म्हणाले आमच्याकडची अळूची भाजी आणतो.

टेकडीबद्दल एकमत झालं नाही. तेही लिहिलंय वहीत, आज एकमत नाही, विषय संपलेला नाही, पुढच्या महिन्यात परत. काका म्हणाले त्यांना अजून पाटी पटत नाही, पण पोरगा उभा राहणार असेल तर ते खाली गाडीपाशी थर्मास घेऊन थांबतील. आणि त्याच्याबरोबर बसायला आम्ही तिघं तयार आहोत, त्यात काका स्वतःहून आले. गुरुवारी रात्री बसतोय.

जे दोघं यायचे थांबले होते त्यांना फोन केला. एक जण येतो म्हणाले. दुसऱ्या ताई म्हणाल्या अजून नको, त्यांना मी दर रविवारी संध्याकाळी नुसता फोन करणार आहे, बोलावणार नाही.

भवानी पेठ ताई, तुम्ही कुठल्या सकाळी असता ते व्यक्तिगत निरोपात कळवा ना, पहिल्या बुधवारी तुमच्याबरोबर नुसतं बघायला आलो तर चालेल का? दोघंच येऊ.

---

भवानी पेठ

या की. मंगळवार आणि शनिवार असतो आमचा, पण तुमच्यासाठी बुधवारी येते मी. सव्वाआठला गेटसमोरच्या चहाच्या टपरीपाशी. चष्मा लागत असेल तर वाचायचा चष्मा आणा, आणि साधं बॉलपेन दोन-तीन, लोक घेऊन जातात.